घरी बार्बेक्यू करताय? मसाला राहू दे, आधी कोळशाकडे बघा

बार्बेक्यूचा बेत ठरला की सगळ्यांचं लक्ष मसाल्यावर, काश्मिरी मिरची किती, कसुरी मेथी घालायची का, आणि कोळसा मात्र पाहुणे गच्चीवर जमल्यावर पेटवायला घेतात. मग साडेनऊ वाजले तरी नुसता धूर, पोरं भुकेने किरकिर करतायत आणि कोणीतरी म्हणतंच, अरे थोडं रॉकेल टाक ना.

नका टाकू. रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर काहीच नको, खाण्याला वास लागतो ते सोडाच, पण धुमसत्या कोळशावर वरून ओतलं तर भडका थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो. खाली चार-पाच कापराच्या वड्या, त्यावर नारळाच्या शेंड्या आणि करवंटीचे तुकडे, वर कोळशाचा ढीग रचा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. आणि कोळसा लाकडीच घ्यायचा हं, दगडी कोळशाचा धूर खाण्यावर नको.

आता खरी चूक. ज्वाळा दिसल्या की लोक लगेच सळ्या ठेवतात, बाहेरून काळं आणि आत कच्चं होतं ते त्यामुळेच. साधारण अर्धा तास थांबायचं, ज्वाळा बसल्या पाहिजेत, कोळशावर राखाडी थर आला पाहिजे आणि आत लाल निखारा. जाळीच्या वर चार-पाच इंचांवर तळहात धरा, दोन सेकंदात काढावा लागला तर आच जास्त आहे, चार-पाच सेकंद धरवला तर चिकनला बरोबर. निखारे सगळीकडे सारखे पसरायचे नाहीत, एका बाजूला ओढून ठेवायचे म्हणजे दुसरी बाजू मंद राहते. तेल टपकून भडका उडाला की तुकडे तिकडे सरकवायचे, पाणी मारायचं नाही, सगळी राख उडून चिकनवर बसते.

मसाल्याचं म्हणाल तर दही पातळ असेल तर तो तुकड्याला धरतच नाही, निथळून खाली जातो. फडक्यात बांधून चक्का करून घ्या. कच्ची पपई लावत असाल तर थोडीच आणि थोडा वेळ, रात्रभर ठेवली तर मटणाचा लगदा होतो. सुरमईला लिंबू लावून अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका. मध, साखर, गोड सॉस शेवटच्या पाचेक मिनिटांत, नाहीतर आधीच करपतं. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवायच्या, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात.

तंगडीला हाडापर्यंत चिरा द्या. रंग बघून झालं म्हणू नका, मसाला तर आधीच लाल असतो. सगळ्यात जाड भागातली चीर उघडून बघा, हाडाजवळ गुलाबी आणि चिकट दिसलं तर मंद बाजूला ठेवून झाका. त्यापेक्षा मांसाचा थर्मामीटर घ्या, आत ७४ अंश सेल्सिअस दाखवलं की विषय संपला. कच्चं चिकन फ्रीजमधूनच थोडं थोडं काढायचं, गच्चीवर दोन तास उघडं नको. ज्या ताटात ते होतं त्याच ताटात भाजलेलं परत ठेवणं हा तर घरोघरचा प्रकार, आणि तळाला उरलेला मसाला ब्रशने शिजलेल्या तुकड्यांवर फिरवणं हा दुसरा. तूप किंवा लोणी लावा ना त्यापेक्षा! शाकाहारी मंडळी असतील तर पनीर, कांदा, ढोबळी मिरची आधी भाजून घ्या, चिमटा वेगळा ठेवा, नंतर कोणाची कुरकुर नको.

एक गोष्ट मात्र अजिबात चालवून घेऊ नका. काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा किचनमध्ये कोळशाची सिगडी पेटवायची नाही, आणि पाऊस आला म्हणून पेटती सिगडी घरातही आणायची नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस झोप येतेय समजून आडवा होतो, त्यात जीव जातो. खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. उघडी गच्ची किंवा अंगण, बस्स. सोसायटीला आधी विचारून घ्या आणि पाण्याची बादली जवळ असू द्या.

झाल्यावर राख लगेच प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका, वरून थंड वाटली तरी आत निखारे दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असू शकतात. सिगडीला झाकण असेल तर हवेची भोकं बंद करून गच्चीवरच राहू द्या, उरलेला कोळसा पूर्ण गार झाला की राख झटकून पुढच्या वेळी नव्यात मिसळता येतो.