उतारावर कॅराव्हॅन ट्रेलर उभा करताना या चुका टाळा

ओवळ्याला मित्राच्या प्लॉटवर आमचा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पहिल्यांदा सोडला, तेव्हा मी चाकामागे वीट लावली होती. जागा दिसायला सपाटच. हुक सुटला, ट्रेलर किंचित हलला आणि विटेचा भुगा झाला. "मामा, हात काढा!" भाचा ओरडला म्हणून माझी बोटं वाचली. ट्रेलर दीड हात मागे जाऊन मातीच्या बांधाला टेकला. बांध नसता तर पुढचं सांगवत नाही.

हिशेब साधा आहे. 1200 किलोचा ट्रेलर, मीटरला 10 सेंटिमीटर उतार, म्हणजे खालच्या दिशेला सुमारे 120 किलोची ओढ. ती हाताने थोपवायला जाऊ नका. घोडबंदर रोडला डोंगराच्या बाजूने किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर राहणाऱ्यांच्या डोळ्यांना चढ-उतार सवयीचे होतात, म्हणून अंदाजावर विसंबू नका; लेव्हल लावून बघा.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. आधी हुक सोडायचा आणि मग दगड शोधत फिरायचं, असं अनेकजण करतात. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू समतल करा. लेव्हल समतल दाखवेपर्यंत तिच्याखालच्या एक मीटरच्या पट्टीचं एक टोक 3 सेंटिमीटर उचलावं लागत असेल आणि चाकांत 2 मीटर अंतर असेल, तर खालच्या चाकाखाली 6 सेंटिमीटर जाडीची फळी हवी. चाक फळीवर चढलं की दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने पाचरी घट्ट बसवा, वरच्या बाजूनेही लावा. आता गाडीचा ब्रेक हळूहळू सोडा, ट्रेलरचं वजन पाचरींवर बसू द्या, आणि मगच ट्रेलरचा हँडब्रेक पूर्ण ओढा. काही ट्रेलरचा हँडब्रेक मागे जाताना थोडा घरंगळल्यावरच पकडतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त नको. सेफ्टी चेन सगळ्यात शेवटी काढायची.

हुक उघडतच नाही? हातोडी मारू नका. ट्रेलरची ओढ अजून गाडीच्या बॉलवर, म्हणजे हुक ज्यावर बसतो त्या गोळ्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणालाही मध्ये उभं न करता गाडी बोटभर मागे-पुढे घ्या, पाचरी पुन्हा तपासा.

पुढची-मागची पातळी हुक सुटल्यावर, पुढच्या जॅकने. तोंड उताराकडे असेल तर ते बरंच उचलावं लागतं. जॅक शेवटपर्यंत ताणण्यापेक्षा खाली आधी जाड फळ्या ठेवा. कोपऱ्यांचे स्टँड ट्रेलर स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत. पण मागचे दोन टेकवल्याशिवाय आत कोणी चढू नका. एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये मागच्या बाजूला दोघं गेले की तोंड वर उचललं जातं.

सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर पावसात शेवाळ धरतं आणि पाचर चाकासकट घसरते. शेवाळ खरवडून काढा आणि रबरी पाचर वापरा. मुरमाच्या जागेवर स्टँडखाली रुंद फळी हवीच, आणि पहिल्या जोरदार सरीनंतर छत्री घेऊन एकदा सगळं बघून या. मुरूम वाहून गेला की जॅक खचतो.

पावसाळाभर ट्रेलर उतारावर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. दमट हवेत ओढून ठेवलेला हँडब्रेक महिन्या-दोन महिन्यांत ड्रमला चिकटतो, आणि उतारावर तो सैल सोडताही येत नाही. आमचा ट्रेलर मेअखेरीस सोसायटीच्या सपाट कोपऱ्यात येतो: हँडब्रेक सैल, चारही बाजूंनी पाचरी, त्याही दोरीने एकमेकींना बांधलेल्या, कारण मुलं खेळता खेळता एखादी ओढून नेतात.