पोरांसह धरणाकाठी कॅराव्हॅनचा मुक्काम: चारच्या आत जागेवर

राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव. कोल्हापुरातून सकाळी निघालं की जेवणवेळेच्या आत डोंगराच्या कुशीतलं पाणी दिसायला लागतं. यातल्या कुठल्याही धरणाकाठी पोरांना घेऊन कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, रात्र काढायची असेल तर एक नियम सगळ्यांत आधी पाळा: दुपारी चारच्या आत गाडी मुक्कामाच्या जागेवर उभी पाहिजे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि पश्चिमेला डोंगर असला की ऊन त्याच्याही आधी जातं. गाडी समतल करणं, पाण्याची कड बघून घेणं, पोरांना संडास कुठे आहे ते दाखवणं, स्वयंपाक, मच्छरदाणी ही सगळी कामं उजेडाची आहेत. अंधारात त्यांना दुप्पट वेळ लागतो आणि तोवर पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली असतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर पाणी खूप खाली जातं आणि काठाला नुसता गाळ उरतो. पावसाळ्यात या भागात धुकं, जळवा आणि चिखल असतो. त्यात राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात आणि भोगावतीचं पात्र भराभर वाढतं. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रालगत पावसाळ्यात मुक्काम करूच नये.

जागा फोनवरच पक्की करा

धरणाची भिंत आणि सांडवा हा प्रतिबंधित भाग असतो. राधानगरी जलाशयाच्या वरच्या अंगाला अभयारण्य आहे, सह्याद्रीच्या ज्या भागांना 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यातलं एक. तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही आणि पावसाळ्यात ते बंदच असतं. तेव्हा ‘काठावर कुठंतरी लावू’ हा बेत सोडून द्या. पाण्याजवळचं शेतघर किंवा कृषी पर्यटन केंद्र बघा आणि मालकाला फोनवर नेमकं विचारा. फाटक किती फूट रुंद आहे? आत येताना विजेची तार किंवा आंब्याची फांदी किती उंचीवर आहे? पोर्टेबल संडास रिकामा करायला सेप्टिक टाकी असलेला संडास आहे का? अर्थिंग असलेला 15 अँपिअरचा पॉइंट आहे का? गाडी रुतली तर जवळ ट्रॅक्टर मिळेल का? गाडीची उंची आधी टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. छतावर एसी किंवा सोलर पॅनेल असेल तर तोही धरून मोजा. वाडीच्या गल्लीत अडकून मागं घेणं फार वेळखाऊ असतं.

गाडी भाड्याची असेल तर आरसी बुकवर ती कॅराव्हॅन म्हणून नोंदलेली आहे ना, हे पाहूनच पैसे द्या. घरच्या व्हॅनमध्ये कायमचा बेड, गॅस आणि वायरिंग परस्पर बसवून घेऊ नका. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येतो.

वाट

कोल्हापूर ते राधानगरी 50-55 किलोमीटर. कॅराव्हॅनला दोन तास धरा. उसाचा हंगाम चालू असताना या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो. संध्याकाळच्या संधिप्रकाशात उसाचा काळपट ढीग रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. चारच्या आत पोहोचण्याचं हे दुसरं मोठं कारण. ओव्हरटेक करताना पुढच्या ट्रॉलीच्याही पुढे आणखी एक ट्रॉली आहे असं गृहीत धरूनच जागा मोजा.

गाडी चालू असताना पोरं मागच्या बेडवर झोपलेली नसावीत. नेमकी हीच चूक सगळ्यांत जास्त होते. बेडला पट्टा नसतो, आणि जोरात ब्रेक लागला की पोर थेट ओट्याच्या कडेवर जाऊन आदळतं. समोर तोंड असलेल्या, पट्ट्याच्या सीटवरच बसवा. लहानग्यांना चाइल्ड सीट. वळणांवर उलटी होते ती बहुतेक वेळा मोबाइलमध्ये डोकं घातल्यामुळे. नजर खाली स्थिर आणि शरीर हलतंय, त्यानं मेंदूचा गोंधळ होतो. निघण्याआधी दूध देऊ नका. अर्धी भाकरी किंवा दोन इडल्या पुरे. वाटेत गुऱ्हाळ लागलं तर जरूर थांबा, काहिलीतला उकळता रस पोरांनी बघितलाच पाहिजे; फक्त रस पोटभर पाजायचा तो परतीच्या वाटेवर, घाट उतरून सपाटीला आल्यावर.

घाट उतरताना ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरा. पाणी, सामान, माणसं धरून भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन भरपूर असतं. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर पॅड तापून करपल्यासारखा वास येतो आणि पेडल मऊ पडतं. तसा वास आला की कडेला घेऊन अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते.

गाडी लावणे

आधी रिकाम्या हातानं जागा चालून बघा. धरणाच्या काठाला झाडोरा संपून उघडी तांबडी माती सुरू होते, ती पाणी भरल्यावरची रेषा. तिच्या खाली गाडी न्यायची नाही. वरची माती वाळून भेगाळलेली दिसते आणि चार बोटं खाली लोण्यासारखा गाळ असतो. मीटरभर काठी घेऊन जोर लावा. वीतभर सहज आत गेली तर ती जागा सोडा.

मग समतल करणं. गवंड्याकडे असते तशी 30 सेंटीमीटरची पाणसळ घ्या आणि ओट्यावर आडवी ठेवा. बुडबुडा मध्ये येईपर्यंत तिचं खालचं टोक उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. फट 1 सेंटीमीटर असेल आणि गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर असेल, तर खालच्या बाजूची चाकं 5 सेंटीमीटर उचलायला हवीत. अडीच सेंटीमीटर जाडीच्या दोन फळ्या. फळी 60 सेंटीमीटर लांब, 20 रुंद, सागाची नसली तरी चालेल, पण प्लाय नको; ओलीत प्लाय सुटतो. जरा उतार ठेवायचाच असेल तर डोकं वर येईल असा ठेवा. पाय वर झाले की मोठ्यांचं डोकं जड होतं आणि पोरं रात्रभर एका कोपऱ्यात गोळा होतात. फळीवर गाडी चढली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि उताराच्या बाजूनं दोन चाकांना दगड लावा. दगड लागल्याशिवाय पोरांना खाली उतरवू नका.

चाक रुतलंच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, दर फेऱ्याला ते आणखी खोल जातं. माणसं आणि पाणी उतरवा, चाकापुढचा गाळ खोऱ्यानं उतरता करा, फळ्या घाला, हवा 25 पीएसआयपर्यंत कमी करा आणि दुसऱ्या गिअरवर हळू काढा. बाहेर आल्यावर दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापर्यंत पुन्हा हवा भरल्याशिवाय डांबरीवर जायचं नाही, म्हणून 12 व्होल्टचा पंप सोबत हवाच.

पाणी आणि वीज

दोन मोठे, दोन लहान अशा चौघांना रोज साधारण 45 लिटर लागतं: प्यायला 10, स्वयंपाक आणि भांड्यांना 15, हातपाय-तोंडाला 10, पोर्टेबल संडासाला 10. दोन दिवसांचे 90. प्यायचं पाणी टाकीतलं वापरू नका, घरून भरलेला 20 लिटरचा वेगळा कॅन ठेवा. बाकीची टाकी कोल्हापुरात न भरता मुक्कामाच्या जागी भरली तर घाटात तेवढे किलो कमी ओढावे लागतात.

विजेचा हिशेब कागदावर करा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हणजे 1200 वॅट-तास. ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हातात 600. 15 वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले की 270 गेले. दोन एलईडी दिवे पाच तास, 50. तीन मोबाइल 45, पाण्याचा पंप 20. झाले 385. त्यात 12 व्होल्टचा 45 वॅटचा छोटा फ्रिज दिवसात मिळून आठ तास जरी चालला तरी आणखी 360, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंप नुसता घरघर करतो, नळाला पाणी येत नाही. म्हणून एका मुक्कामाला फ्रिज बंद ठेवून बर्फाची पेटी न्यावी: 20 लिटरची पेटी, 5 किलो बर्फ आणि आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. एसीचं तर नावच काढू नका. 1000 वॅटचा एसी ही बॅटरी अर्ध्या तासात संपवतो. हिवाळ्यात तिथे तो लागतही नाही, दोन रजया जास्त घ्या.

चूल, जेवण

गॅस जोडल्यावर रेग्युलेटरला आणि पाइपच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गळती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार किंवा खालची जाळी मोकळी पाहिजे. गाडी चालू असताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. आणि कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी गाडीच्या आत आणायची नाही. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही.

पहिल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा करायचा मोह टाळा. चव कितीही आवडीची असली तरी तेलकट पातेली धुण्यात दिवसाचं निम्मं पाणी जातं. घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी न्या आणि गरम म्हणून मुगाची खिचडी लावा: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्या. चौघांना पुरते. पोरांची आधी काढून घ्या, मग मोठ्यांसाठी कांदा-लसूण चटणीची फोडणी वरून. भांडी पहिल्यांदा वर्तमानपत्रानं पुसा, मग थोड्या पाण्यात धुवा. सांडपाणी मोरीच्या नळीखाली ठेवलेल्या कॅनमध्ये घ्या आणि जलाशयापासून निदान 60 मीटर लांब, मालक सांगेल तिथे ओता. काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं कोल्हापुरात येतं. त्या काठावर सांडलेलं आपल्याच नळाच्या दिशेनं निघालेलं असतं. पोर्टेबल संडासही फक्त सेप्टिक टाकीच्या संडासातच रिकामा करायचा. त्याची टाकी पाऊण भरली की उचलून न्या. काठोकाठ भरलेली हातात हिंदकळते.

पाण्याजवळ पोरं

धरणात पोहायचं नाही, आणि पोरांना गुडघाभर पाण्यातही उतरवायचं नाही. जलाशयाचा तळ नदीच्या वाळवंटासारखा हळूहळू उतरत नाही. बुडालेले बांध, झाडांचे बुंधे आणि जुन्या ओढ्यांची पात्रं खाली तशीच असतात. एका पावलाला घोटा, पुढच्याला छाती. त्यात गाळात पाय अडकला की मोठा माणूससुद्धा घाबरतो. काठावर खेळतानाही लाइफ जॅकेट घाला. पोराच्या वजनाप्रमाणे घ्या आणि बसतंय का ते असं तपासा: पट्टे आवळून जॅकेटच्या खांद्याला धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. लहानग्याच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. एका मोठ्यानं फक्त पोरांवर लक्ष ठेवायचं, त्या वेळी मोबाइलही हातात नको. अर्ध्या तासानं पाळी बदला आणि बदलताना तोंडानं सांगा, ‘आता तू बघ.’ ‘मला वाटलं तू बघतोयस’ या दोन मिनिटांतच घात होतो.

पोरांना गुंतवायला खूप आहे. दुर्बीण न्या. राधानगरीच्या पाण्यात, पातळी उतरल्यावर, शाहू महाराजांच्या काळातल्या बेनझीर व्हिलाचे अवशेष दिसतात. संध्याकाळी आणि पहाटे गवे पाण्यावर येतात. गवा दिसला की आवाज बंद, फ्लॅश बंद, पोरं गाडीत. रस्त्यावर आडवा आला तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न वाजवू नका, तो आपणहून जातो.

झोपायचं गाडीतच. पोरांना उघड्यावर सतरंजी टाकून झोपवू नका. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुतेक वेळा चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून उशीर होतो. बूट दारात न ठेवता आत घ्या, सकाळी झटकून घाला. सर्पदंश झालाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, पोराला चालवू नका, 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. राधानगरीत ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर. रात्री झोपण्याआधी गाडीचं तोंड रस्त्याकडे आहे आणि किल्ली ठरलेल्या खुंटीला आहे, हे एकदा बघून घ्या. तातडीच्या वेळी अंधारात गाडी वळवत बसणं परवडत नाही.

निघताना

गॅसचा व्हॉल्व्ह, छताची खिडकी, विजेची वायर, बाहेरची पायरी, चाकांचे दगड. याच क्रमानं, आणि एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं हात लावून बघायचं. छताची खिडकी उघडी राहून पहिल्याच फांदीला तुटते, आणि बाहेर राहिलेली पायरी फाटकाच्या खांबाला वाकते. घरी पोहोचल्यावर पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून झाकण दोन दिवस उघडं ठेवा. बंद टाकीत राहिलेल्या दोन तांब्यांनाही आठवड्यात कुबट वास येतो, आणि तो पुढच्या खेपेला पोरांच्या तोंड धुवायच्या पाण्याला लागतो.