व्हिसा आधी, तिकीट नंतर: भारतीय पासपोर्टवर युरोपचा प्रवास आखताना

कोणत्या पासपोर्टवर किती देशांत आधी व्हिसा न काढता जाता येते, यावरून क्रमवारी लावणाऱ्या हेन्ली निर्देशांकात भारतीय पासपोर्टचा क्रमांक गेली काही वर्षे ७५ ते ९० यांच्या दरम्यान वरखाली होत आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की जपानी किंवा जर्मन नागरिक जेथे तिकीट काढून थेट विमानात बसतो, तेथे आपल्याला आधी परवानगी मागावी लागते. त्यामुळे आपल्याकडे सर्रास चालणारा क्रम, म्हणजे आधी रजा मंजूर करून घ्यायची, मग स्वस्त तिकीट पकडायचे आणि शेवटी व्हिसाच्या मागे लागायचे, हा खर्चात पाडणारा आहे. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातील अनेक देशांत एकाच परवानगीवर फिरू देणाऱ्या व्हिसाच्या बाबतीत तर हे विशेष जाणवते.

सुरुवात पासपोर्टपासूनच करावी. शेंगेन देशांसाठी तो गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध असावा आणि त्यात निदान दोन पाने कोरी असावीत. इतर अनेक देश ६ महिन्यांची वैधता मागतात, म्हणून मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर आधी नूतनीकरण करून घेणे शहाणपणाचे. वारंवार प्रवास करणाऱ्यांनी ३६ ऐवजी ६० पानांची पुस्तिका मागावी. नावाची तपासणीही याच टप्प्यावर करावी. लग्नानंतर बँकेत आणि पॅन कार्डावर सासरचे नाव, तर पासपोर्टवर माहेरचे, ही आपल्याकडची नेहमीची अडचण आहे. तेथे विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचे राजपत्र जोडावे लागते आणि ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरासह द्यावे.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यात अनेकांचा गोंधळ होतो. शेंगेन क्षेत्रात सध्या २९ देश आहेत. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा आणि मुक्काम समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. समजा, पॅरिसमध्ये ४ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि इटलीत ३ असा बेत आहे आणि विमान पॅरिसला उतरते आहे. तर अर्ज फ्रान्सकडे जाईल. त्यात स्वित्झर्लंडची एक रात्र वाढवली की तो स्वित्झर्लंडकडे जाईल. केवळ अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून त्याच्याकडे अर्ज करून मुक्काम दुसरीकडे दाखवणे धोक्याचे असते. याच बेतात मध्येच लंडन घुसवायचे असेल, तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र लागतो आणि लंडनहून पुन्हा युरोपात शिरायचे असल्याने शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा लागतो. सहलीच्या आकर्षक पत्रकांत हा मुद्दा बहुधा तळटिपेत असतो.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी दाखल व्हावा लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची असली, तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात निघायचे, असे निम्मा महाराष्ट्र ठरवतो. म्हणून मे महिन्याच्या प्रवासासाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घेतलेली बरी. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे आणि व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे असते. अर्ज नामंजूर झाला तरी ही रक्कम परत मिळत नाही. म्हणूनच तिकीट आणि हॉटेल या टप्प्यावर पक्के करू नये. विमानाचे आरक्षण दाखवावे आणि हॉटेल रद्द करता येईल असेच घ्यावे. आरक्षण मात्र खरे हवे. पडताळणीत न सापडणारे बनावट तिकीट जोडून देणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही लागतो.

सर्वाधिक कष्ट कागदपत्रांवर घ्यावेत. अधिकारी तुमची श्रीमंती मोजत नसतो, तर खर्च कोण करणार आणि तुम्ही परत का येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत असतो. बँकेच्या खातेपत्रकात चार महिने ४० हजारांची शिल्लक आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम ३ लाख जमा, असे दिसले की तो पैसा उसना असल्याचा संशय येणारच. रक्कम खरोखर मुदत ठेव मोडून किंवा सोने विकून आली असेल, तर त्याची पावती जोडावी आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात खुलासा करावा. नोकरदारांनी पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे आणि रजा मंजुरीचे पत्र द्यावे. त्या पत्रात रजेच्या तारखा आणि पुन्हा रुजू होण्याचा उल्लेख असावा. दुकानदारांनी गुमास्ता परवाना आणि जीएसटी नोंदणी जोडावी. शेतकऱ्याचा सातबारा उपयोगी पडतो, पण नुसता नव्हे. भाषांतर आणि पीक विक्रीचे पैसे खात्यात आल्याच्या नोंदी सोबत हव्यात. मुलगा आई-वडिलांचा खर्च करत असेल, तर त्याचे हमीपत्र आणि त्याची आर्थिक कागदपत्रे द्यावीत. पत्रातील तारखा, विम्याच्या तारखा, हॉटेलच्या तारखा आणि रजेच्या तारखा यांत एका दिवसाचाही फरक राहू नये.

विमान बदलण्याचे ठिकाण हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो. लंडनमध्ये विमानतळाबाहेर न पडताही, अमेरिका किंवा कॅनडासारख्या देशाचा वैध व्हिसा नसेल तर, सामान्यतः ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. दुबई किंवा दोहामार्गे एकाच तिकिटावर गेल्यास ही कटकट नसते. दोन वेगवेगळी तिकिटे काढल्यास मात्र सामान घेण्यासाठी बाहेर यावे लागू शकते आणि मग त्या देशाचा व्हिसा नसल्याने पहिल्याच विमानात बसू दिले जात नाही.

एक व्हिसा दुसऱ्याला हात देतो, हेही आखणीत धरावे. वैध अमेरिकी व्हिसावर मेक्सिकोला जाता येते. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असल्यास तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी शेंगेनचे नियमही सैल झाले आहेत: ३ वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरलेल्यांना, पासपोर्टची वैधता पुरेशी असल्यास, सामान्यतः २ वर्षांचा आणि त्यानंतर ५ वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. मात्र व्हिसामुक्त सवलती कायमच्या समजू नयेत. सर्बियाने भारतीयांची अशी सवलत १ जानेवारी २०२३ पासून बंद केली. तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहावा.

नकार आलाच तर कारणाचा कागद नीट वाचावा. २०२४ मध्ये भारतीयांचे सुमारे ११ लाख शेंगेन अर्ज आले आणि त्यांपैकी दीड लाखाहून अधिक फेटाळले गेले, तेव्हा तो काही कपाळावरचा शिक्का नव्हे. शेंगेनच्या नकारपत्रात कारण खुणेने दाखवलेले असते आणि अपिलाचा हक्कही असतो. पण कागदपत्रांतली उणीव स्पष्ट असेल, तर ती भरून नव्याने अर्ज करणे बहुधा सोपे जाते. पुढच्या कोणत्याही देशाच्या अर्जात पूर्वीच्या नकाराविषयी विचारले असेल तर तो लपवू नये. ब्रिटनमध्ये फसवणूक उघडकीस आल्यास १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

परत आल्यावर जुना पासपोर्ट, त्यावरील शिक्के आणि व्हिसा जपून ठेवावेत. नूतनीकरणाच्या वेळी जुन्या पुस्तिकेत १० वर्षांचा अमेरिकी व्हिसा शिल्लक असेल, तर तो नव्या पासपोर्टसोबत तसाच वापरता येतो. फक्त पुस्तिका रद्द करताना व्हिसाचे पान कापले किंवा खराब केले जाऊ नये, याकडे काउंटरवरच लक्ष द्यावे.