युद्धकाळातील गिरणीकामगार स्त्रियांवर खानदेशी नाटक लिहिताना

दुसऱ्या महायुद्धातील कामगार स्त्री म्हटली की काडतुसे भरणारी बाई डोळ्यांसमोर येते. परंतु भुसावळचा आयुधनिर्माणी कारखाना १९४९ सालचा आणि वरणगावचा १९६४ सालचा असल्यामुळे ते दृश्य खानदेशात खोटे ठरते. नाटक धुळे, जळगाव किंवा अमळनेरच्या कापडगिरणीत, नाहीतर कापसातून सरकी काढणाऱ्या एखाद्या जिनात घडवावे. काळ म्हणून १९४३ हे साल मला सर्वांत सोयीचे वाटते. त्या वर्षी सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले, आणि लष्करासाठी माग धडधडत असताना दिवसभर सूत गुंडाळणाऱ्या बाईला अंगावरचे फाटके लुगडे दंड घालून, म्हणजे तुकडे जोडून शिवून, नेसावे लागते, हा प्रसंग त्यातून आपोआप उभा राहतो. स्त्रियांना रात्री सर्रास कामावर दाखवू नये, कारण १९३४ च्या कारखाना कायद्याने त्यांच्या रात्रपाळीला मनाई केली होती.

पात्रयोजना करताना मात्र घाई करू नये. एक मराठा, एक दलित, एक मुसलमान, एक आदिवासी अशी मोजदाद केली की सर्वसमावेशकता साधली असे अनेक लेखकांना वाटते. प्रत्यक्षात कोणत्या बाईला कोणत्या खात्यात उभे राहू दिले जाते, पाणी ती कोणाच्या हातून पिते आणि मुकादम कोणाचा खाडा माफ करतो, यावर नाटकाचे सत्य अवलंबून असते. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातले (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतले) सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्यांना विणकामाच्या जादा पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यातील महार बाईच्या नवऱ्याला साचे, म्हणजे माग, का मिळत नाहीत, हे याच एका तपशिलातून, भाषणाशिवाय कळते.

या महार बाईला स्वतःचे राजकारणही द्यावे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली आणि त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात नंदुरबारला ‘चले जाव’च्या मिरवणुकीतला शाळकरी शिरीषकुमार गोळीबारात बळी पडला. शेजारच्या रिळावर बसणाऱ्या बाईचा भाऊ ‘चले जाव’मध्ये तुरुंगात असेल, तर सरकारात आपला माणूस आहे असे मानणारी ही बाई तिला काय उत्तर देईल? दोघींपैकी एकीलाही शहाणी ठरवण्याचा मोह लेखकाने टाळावा; माझ्या मते नाटकाचा मुख्य प्रवेश हाच आहे.

आदिवासी बाई आली की ढोल आणि मुसलमान बाई आली की अश्रू, हा आपल्या रंगभूमीचा जुना आळस आहे. सातपुड्यातून हंगामापुरती जिनात आलेली पावरा बाई रोजचे पैसे बोटांवर मोजत मुकादमाची लबाडी पकडू शकते. धुळ्याच्या मोमीन विणकराच्या घरातील स्त्री गिरणीत जात नाही, ती घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते. पण सुताचा तुटवडा पडला की तिचीही चूल थंडावते, म्हणून तिला गिरणीच्या फाटकाबाहेरून कथानकात आणावे.

भाषेच्या बाबतीत सर्वांच्या तोंडी एकच ‘ग्रामीण’ मराठी घालू नये. धुळे-अमळनेरकडची बाई मैत्रिणीला ‘कथा जाई ऱ्हायनी वं?’ (कुठे चालली आहेस गं?) असे अहिराणीत विचारील; यावल-रावेरकडच्या लेवा बाईची बोली निराळी, पावरीचा बाज त्याहून निराळा आणि मोमीन घरातील उर्दूला दख्खनी साज चढवण्याचे कारण नाही. जी बोली आपल्याला येत नाही तिचे संवाद बोलणाऱ्या बाईकडून वदवून घ्यावेत आणि मगच उतरवावेत. पहिल्या वाचनाच्या वेळी संहितेतील पात्रांची नावे झाकून संवाद वाचावेत. कोण बोलत आहे हे जिथे ओळखता येत नाही, तो प्रवेश पुन्हा लिहावा.