लेक्टिनची पकड विशिष्ट शर्करेवरच आहे ना, हे आधी तपासा

वनस्पतींच्या बियांमध्ये आढळणारी लेक्टिन ही प्रथिने ठरावीक शर्करा ओळखून तिला हायड्रोजन बंधांनी, रासायनिक बदल न करता, धरून ठेवतात. म्हणूनच तीच शर्करा द्रावणात भरपूर मिसळली की ही पकड सुटते, आणि प्रयोगातील निष्कर्ष पडताळण्याचा सर्वांत सोपा मार्ग यातूनच मिळतो. उदाहरणार्थ, कॉनकॅनाव्हॅलिन ए हे मॅनोज शर्करा ओळखणारे लेक्टिन वापरून पेशी रंगवत असाल, तर एका नमुन्यात लेक्टिनसोबत सुमारे 0.2 मोलर मिथाइल-अल्फा-मॅनोसाइड (मॅनोजचेच एक रूप) आणि दुसऱ्यात तेवढेच गॅलॅक्टोज (हे लेक्टिन न ओळखणारी शर्करा) मिसळावे. पहिल्यात रंग जवळजवळ नाहीसा झाला आणि दुसऱ्यात टिकून राहिला, तरच बंधन विशिष्ट आहे असे मानता येते. दोन्हींत रंग तसाच राहिला, तर प्रथिन पृष्ठभागाला नुसतेच चिकटलेले असण्याची शक्यता अधिक.

उलट रंगच आला नाही, तर दोष बहुधा बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) शोधावा. कॉनकॅनाव्हॅलिन ए ला शर्करा धरण्यासाठी कॅल्शियम व मँगनीज आयन लागतात. ईडीटीए हे धातूंचे आयन बांधून घेणारे रसायन ते काढून घेते, तर फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियमचा साका बसू शकतो. त्यामुळे ट्रिस किंवा हेपेस बफरमध्ये दोन्ही आयन प्रत्येकी 1 मिलिमोलर ठेवणे श्रेयस्कर. (गव्हांकुरातील लेक्टिनसाठी मात्र मॅनोसाइड निरुपयोगी, तिथे एन-असेटिलग्लुकोसामाइन किंवा त्याची साखळी वापरावी.)