रक्तातली चरबी कमी करायची? आधी कोणता आकडा वाढलाय ते पाहा

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापलेला दिसला, की बहुतेक जण पहिली कुऱ्हाड तेलावर चालवतात. कधी ती योग्य जागी पडते, बऱ्याचदा पडत नाही. एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा दुसरा प्रकार) ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींची कारणं वेगळी आणि पथ्यही बरंचसं वेगळं.

१. रिपोर्ट वाचा

सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. निरोगी माणसाचं एलडीएल १०० च्या आत असलेलं चांगलं; हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टर त्याहून खालचं लक्ष्य देऊ शकतात. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. १९९ पर्यंत काठावरचं, २०० पासून पुढे जास्त. एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्याला सगळे घाबरतात, पण त्यातून कळतं सगळ्यांत कमी, कारण ‘चांगलं’ म्हणतात ते एचडीएलही त्यातच मोजलेलं असतं.

अनेक प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चुकतो. अशा वेळी एलडीएल थेट मोजून मिळेल का, ते विचारा.

दोन परिस्थितींत मात्र फक्त पथ्यावर विसंबू नका. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असेल तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. एलडीएल १९० किंवा जास्त असेल तर कारण आनुवंशिक असू शकतं. थायरॉइड मंदावणं, आटोक्यात नसलेला मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि काही औषधं यांनीही चरबी वाढते. मूळ कारण तिथं असेल तर ताटातले बदल अपुरेच पडणार, म्हणून ही शंका आधी डॉक्टरांकडून फेडून घ्या.

२. एलडीएल वाढलं असेल तर

इथं मुख्य गुन्हेगार संपृक्त चरबी. ती यकृताची रक्तातलं एलडीएल उचलण्याची क्षमता कमी करते. लोणी, साय, चीज, चरबीयुक्त लाल मांस, पाम तेल आणि खोबरेल तेल ही तिची ठिकाणं. खोबरेल तेलाला कितीही ‘नैसर्गिक’ म्हटलं तरी त्यातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्तच असते.

एलडीएल उतरवायचं असेल तर संपृक्त चरबी रोजच्या उष्मांकाच्या ६ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. २००० उष्मांक खाणाऱ्यासाठी ते साधारण १३ ग्रॅम होतात. एक मोठा चमचा लोण्यातच ७ ग्रॅम जातात, म्हणजे निम्मा कोटा संपला. मात्र लोणी बंद करून त्या जागी मैदा आणि साखर आली तर हाती काही लागत नाही. त्या जागी शेंगदाणा, मोहरी, सूर्यफूल, ऑलिव्ह अशी तेलं, सुकामेवा किंवा मासे यायला हवेत. पाकिटावर ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ तेल लिहिलेलं दिसलं तर पाकीट परत ठेवा. ती ट्रान्स चरबी, एलडीएल वाढवते आणि एचडीएल उतरवते.

दुसरं काम विरघळणाऱ्या तंतूंचं. ओट्स, जव, कडधान्यं, सफरचंद आणि इसबगोल यांत ते भरपूर असतात. आतड्यात त्यांचा चिकट थर तयार होतो, तो पित्ताम्लांना (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती पाचक आम्लं) पकडून शरीराबाहेर नेतो. मग नवी पित्ताम्लं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूचे रोज ३ ग्रॅम पोटात गेले तर फरक पडतो. त्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. पोट फुगू नये म्हणून मात्रा हळूहळू वाढवा आणि पाणी जास्त प्या.

आहाराने किती फरक पडतो? टोरांटोतले डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सुकामेवा, सोया, विरघळणारे तंतू आणि वनस्पती स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ) एकत्र असलेला आहार काही लोकांना महिनाभर दिला. त्यांचं एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरलं. पण तिथं जेवण बेतून हाती दिलेलं होतं. पुढे २०११ च्या अभ्यासात लोकांनी सल्ल्यानुसार स्वतःच जेवण ठरवलं, तेव्हा घट १३ टक्क्यांच्या आसपास राहिली. माझ्या मते अपेक्षा दुसऱ्या आकड्याची ठेवावी.

अंड्यांची धास्ती बरीचशी अनाठायी आहे. अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा परिणाम बहुतेकांमध्ये मोठा असतो. गाळणकागद न वापरता उकळून किंवा दाबून केलेली कॉफी दिवसातून अनेकदा पीत असाल तर मात्र तिच्याकडे पाहा. तिच्यातलं कॅफेस्टॉल एलडीएल वाढवतं, कागदातून गाळली की ते मागे राहतं.

३. ट्रायग्लिसराइड वाढलं असेल तर

इथं तेलाआधी साखर आणि दारू पाहा. गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत तिची चरबी बनवून रक्तात सोडतं. ३०० मिलिलिटर संत्र्याच्या रसात २५ ते ३० ग्रॅम साखर असते, वरून चमचाभरही न घालता. त्यापेक्षा आख्खं फळ खा. गोड पेयं बंद करा, मैद्याचे पदार्थ कमी करा. दारू तर पूर्ण थांबवून पाहा. बऱ्याच जणांचा आकडा तेवढ्यानेच खाली येतो.

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी घटवल्यावर ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्के उतरू शकतं. तेलकट मासे आठवड्यातून दोनदा चालतील. मोठ्या मात्रेतल्या ओमेगा-३ च्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

४. चाला, धूम्रपान सोडा

आठवड्याला १५० मिनिटं, धाप लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. काम करणारे स्नायू रक्तातली चरबी इंधन म्हणून वापरतात, त्यामुळे हा उपाय ट्रायग्लिसराइडला जास्त लागू पडतो. सिगारेट सुटली की एचडीएल वाढतं.

५. पुन्हा तपासा

सहा ते बारा आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि पहिल्यासारखंच उपाशी राहून. ट्रायग्लिसराइड काही दिवसांच्या खाण्यानेही हलतं, त्यामुळे तपासणीआधी चार दिवस कडक पथ्य पाळून आलेला आकडा तुमच्या रोजच्या जगण्याचा नसतो. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू असेल तर आकडे उतरले तरी गोळी परस्पर बंद करू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं लाल यीस्ट तांदळाचं पूरकही परस्पर घेऊ नका. त्यातलं मोनाकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे औषध एकच आहे, त्यामुळे गोळीबरोबर ते घेतलं तर नकळत दोन स्टॅटिन पोटात जातील.