स्पिनला घरघर? आधी सील बघा

फ्रंट लोड वॉशिंग मशीन स्पिनला घरघरू लागलं की प्लग काढून ड्रम हाताने फिरवा, वर-खाली हलवून बघा. खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग (ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी) गेलं. बहुतेकदा मूळ दुखणं सीलचं, म्हणजे बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणाऱ्या रबरी कड्याचं (दाराचं रबर नव्हे) असतं: ते झिजतं, पाणी आत शिरतं, बेअरिंग गंजतं. म्हणून दोन्ही बेअरिंग आणि सील एकदमच बदला. शंभर-दोनशे वाचवायला जुनं सील ठेवणं म्हणजे पुन्हा सगळं खोलणं. नंबर (६२०५, ६२०६ वगैरे) बेअरिंगवरच कोरलेला असतो. नवं बेअरिंग टबमध्ये (ड्रमभोवतीच्या बाहेरच्या टाकीत) बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका. शाफ्टवर (ड्रमच्या दांड्यावर) सील जिथे घासतं तो भाग गुळगुळीत हवा, आणि सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या कडेला) पाण्याने न धुपणारं ग्रीस लावा. काही मशीनचा टब मात्र कायमचा चिकटवलेला असतो, सहज खोलता येत नाही; ते आधी विचारून घ्या.